तो आंधळा होता, बहिरा नव्हता

बायो,

फोनवर तू रडत होतीस, पण मी तुला "मनावर घेऊ नकोस" असं एकदाही म्हटलं नाही. ते वाक्य मला आवडतच नाही. ज्याला लागलंय त्यालाच वर आणखी एक काम सांगायचं, की लागू देऊ नकोस. तुला लागलं, कारण ते बोलणं लागण्यासारखंच होतं. स्त्रियांच्या प्रार्थनासभेत, सगळ्या चटईवर बसलेल्या, चहाचे कप फिरतायत, आणि कुणीतरी वडीलधाऱ्या बाईनं विचारावं, "लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून मूल नाही, उपास धरून प्रार्थना करतेस ना गं? मनात कुणाबद्दल अढी नाही ना? देवापुढं काही कबूल करायचं राहिलंय का, बघ एकदा." आणि वर, "मी प्रेमानंच सांगते हं!" तू म्हणालीस, त्या बोलल्या त्यापेक्षा बाकीच्या कुणीच विषय बदलला नाही, सगळ्या कपात बघत बसल्या, त्याचं जास्त वाईट वाटलं. मलाही त्याचंच वाईट वाटलं.

आता रविवार जवळ आला की पोटात गोळा येतो, असं सांगितलंस. एखाद्या वाक्याचं हे एवढं बळ असतं. ज्या घरात आपण लहानपणापासून मोकळ्या मनानं गेलो, त्या देवाच्या घराची पायरी चढताना पाय अडखळायला लागतो. मंडळीतून किती माणसं अशीच गुपचूप गळतात. ती कुणाशी भांडत नाहीत. आधी मागच्या बाकावर बसायला लागतात, मग उशिरा यायला लागतात, मग येतच नाहीत. आपण म्हणतो, त्यांचा विश्वास थंडावला. त्यांना कोण काय बोललं होतं, हे कुणी विचारत नाही.

तर आज रात्री योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय काढ. गोष्ट तुला पाठ आहे, तरी माझ्यासाठी पुन्हा वाच. येशू शिष्यांबरोबर वाटेनं चाललाय आणि जन्मापासून आंधळा असलेला एक माणूस दिसतो. शिष्य विचारतात, गुरुजी, हा असा जन्मला तो कुणाच्या पापामुळे, ह्याच्या की ह्याच्या आईबापांच्या? आपण हा प्रश्न उपदेशात इतक्यांदा ऐकलाय, की त्यातली एक गोष्ट सुटूनच जाते. तो माणूस तिथंच बसलाय. त्याच्या समोर, त्याच्याविषयी, तो जणू तिथं नाहीच अशा आवाजात ही चर्चा चाललीय. अगं, तो आंधळा होता, बहिरा नव्हता. रोज भीक मागत बसणाऱ्या त्या माणसानं हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदा ऐकला असेल असं मला तरी वाटत नाही. आणि त्याच्या आईबापांनी तर शेजारपाजारी, लग्नकार्यात, सणावाराला किती वेळा ऐकला असेल!

येशू उत्तर देतो की ह्यानंही पाप केलं नाही आणि ह्याच्या आईबापांनीही नाही. मग थुंकीनं चिखल कालवतो, डोळ्यांना लावतो आणि शिलोहाच्या तळ्यावर धुवायला पाठवतो. क्रम लक्षात घे. डोळे उघडले तळ्यावर गेल्यावर. पण आयुष्यभर अंगावर वागवलेला आरोप त्याच्या कानांदेखत आधीच उतरला होता. तळ्याकडं चाचपडत जाणारा तो माणूस अजून आंधळाच होता, आणि तरी आधीचा राहिला नव्हता, असं मला फार वाटतं.

त्याच अध्यायात पुढं परूशी त्याला तेच तोंडावर फेकतात, तू तर पापात जन्मलेला, आणि आम्हाला शिकवतोस? त्याला बाहेर घालवतात. येशूच्या कानावर ते जातं आणि तो त्याला गाठतो. बाहेर घातलेल्या माणसाकडं येशू स्वतः जातो, हे तुझ्यासारखीनं रविवारी पोटात गोळा आला की आठवावं.

म्हणजे तुला जे ऐकावं लागलं, ते फार जुनं वाक्य आहे, बायो. "तुझंच काहीतरी चुकलं असेल." दुसऱ्याचं दुःख दिसलं की आपल्याला भीती वाटते, उद्या हे आपल्या दारी येईल म्हणून. मग त्या दुःखाचं कारण त्या माणसातच शोधलं, की आपण सुरक्षित. मी प्रार्थना करते, मी उपास धरते, मग माझ्यावर असं येणार नाही. त्या बाई तुझ्याशी बोलत होत्या, पण धीर स्वतःलाच देत होत्या, असं मला वाटतं. हे मी त्यांची बाजू घ्यायला सांगत नाही. पण कारण कळलं की विखार थोडा उतरतो.

ईयोबाच्या मित्रांचंही तेच झालं. सुरुवातीला ते किती चांगले वागले बघ! सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. तेवढंच करून घरी गेले असते तर आज त्यांचं नाव आपण मुलांना ठेवलं असतं. मग तोंड उघडलं आणि अध्यायामागून अध्याय त्याला पटवत राहिले, की तुझं काहीतरी पाप असणारच. त्यांची वाक्यं सुटी काढून वाचलीस तर चांगल्या उपदेशातली वाटतील. शेवटी देव ईयोबावर रागावत नाही, मित्रांवर रागावतो. आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करायचं काम कुणावर येतं? ईयोबावरच. हे मला कायम जड जातं, पण ते तसं लिहिलंय खरं.

आपण केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन बघायला गेलो होतो, तेव्हा तू शाळेत होतीस. रमाबाईंनी 1887 साली अमेरिकेत असताना 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक छापलं. त्यात त्या सांगतात, की विधवा झालेल्या कोवळ्या पोरीला घरचेच लोक नवरा खाल्ला म्हणून बोलत, तिच्याच मागच्या जन्मीच्या पापानं तो गेला असं मानत. दागिने काढून घेणं, केस काढणं, एक वेळ जेवण हे सगळं होतंच. पण त्या पोरीनं ते बोलणं खरं मानलं, की मग तिला कोंडायला वेगळी कडी लागत नव्हती. रमाबाई स्वतः तेविसाव्या वर्षी विधवा झाल्या, कडेवर मनोरमा. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढं ते पुण्याला आणलं, आणि मग केडगाव. त्या मुलींना छप्पर मिळालं, अक्षरं मिळाली, हाताला काम मिळालं. पण त्याआधी कुणीतरी त्यांच्याशी तो आरोप मनात न धरता बोललं, हे मला त्या सगळ्याच्या मुळाशी दिसतं.

म्हणून आपल्याच मंडळीतल्या बायका तेच बोलतात तेव्हा माझं रक्त तापतं. मागच्या जन्मीचं पाप म्हणा, नाहीतर कबूल न केलेलं पाप म्हणा, ऐकणारीला ते एकाच जागी लागतं. फरक इतकाच, की आपल्याकडं ते ज्याच्या नावानं बोललं जातं, त्यानं त्या आंधळ्यापाशी उभं राहून अगदी उलट सांगितलंय.

आता हन्नाकडं येते, कारण तुझी खरी मैत्रीण ती आहे. पहिल्या शमुवेलाचा पहिला अध्याय. आपण तो मुलाच्या जन्माची गोष्ट म्हणून सांगतो, आणि मूल नसलेल्या बाईला तर हमखास सांगतो. तू मूल बाजूला ठेव आणि फक्त तिच्याशी कोण काय बोलतं ते बघ.

पहिली पनिन्ना, सवत. तिला मुलं आहेत. दर वर्षी सगळं कुटुंब शिलोला देवाच्या मंदिरी जायचं, यज्ञाचे वाटे व्हायचे, आणि नेमकी तेव्हाच ती हन्नाला डिवचायची. एकदा नव्हे, वर्षानुवर्षं. वेळ कशी निवडली बघ! सणाचा दिवस, देवाचं दार, सगळे एकत्र जेवायला बसलेले. हन्ना रडायची आणि तिला घास जायचा नाही. पनिन्नाचा एकही शब्द शास्त्रात लिहिलेला नाही. परिणाम तेवढा लिहिलाय, की ताटातलं अन्न तसंच राहिलं.

दुसरा एलकाना, नवरा. माणूस मनानं चांगला. तिच्यावर त्याचं प्रेम आहे, वाट्यात तिला झुकतं माप देतो. तो विचारतो, का रडतेस, का जेवत नाहीस, मी तुला दहा मुलांहून जास्त नाही का? ह्यात वाईट काही नाही, तरी ते तिच्यापर्यंत पोचत नाही. तिच्या दुःखाविषयी बोलता बोलता तो स्वतःविषयी विचारतोय. तुझा नवरा तुला म्हणतो ना, "मला काही फरक पडत नाही, मग तू कशाला एवढं मनाला लावून घेतेस?" तो एलकाना आहे गं. त्याच्यावर चिडू नकोस. त्याला एकदा शांतपणे सांग, की तुला फरक पडत नाही ह्याचा मला आधार आहे, पण मला पडतो तेव्हा नुसता जवळ बस.

तिसरा एली, याजक. मंदिराच्या दाराशी आसनावर बसलाय. हन्ना मनातल्या मनात प्रार्थना करतेय, ओठ हलतायत पण आवाज नाही. त्यानं पाहिलं आणि ठरवूनच टाकलं, की बाई प्यालीय. कुठवर नशेत राहणार, दारू सोड आता! विचार कर, वर्षानुवर्षं घरात ऐकून घेतलेली बाई, शेवटी देवापुढं मन मोकळं करायला येते आणि तिथंही तिला हे ऐकावं लागतं. मी तिच्या जागी असते तर पुन्हा त्या दाराशी गेले नसते.

पण ती उत्तर देते, आणि ह्या उत्तरासाठी मी हा अध्याय कितीदा वाचते. ती गप्प बसत नाही, हे आधी लक्षात घे. सोशिकपणाच्या नावाखाली बायकांना मुकाट ऐकून घ्यायला सांगणाऱ्यांनी हन्ना नीट वाचलेली नाही. आणि ती उलटूनही बोलत नाही. एलीची स्वतःची मुलं त्याच मंदिरात किती वाईट वागत होती, ते पुढच्या अध्यायात येतंच. तिला टोमणा मारायला जागा होती. ती एवढंच म्हणते, की महाराज, तसं नाही, मी प्यालेले नाही, मी दुःखी बाई आहे, देवापुढं जीव ओतत होते, मला वाया गेलेली समजू नका. आपल्याविषयी खरं काय ते सांगितलं, खोटं होतं ते नाकारलं, आणि थांबली.

आणि एली वळतो. म्हातारा याजक, सगळ्यांवर अधिकार चालवणारा, पण आपलंच खरं करत बसत नाही. शांतीनं जा, तू मागितलंस ते इस्राएलाचा देव तुला देवो, असं म्हणतो. ती जाते, जेवते, आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहत नाही. तेव्हा मूल कुठं होतं? काहीच बदललं नव्हतं. घरी पनिन्ना तीच होती. एका माणसानं आपलं पहिलं बोलणं मागं घेतलं आणि दुसरं चांगलं बोलला, एवढंच झालं होतं. आणि बाई जेवली.

आता तुला बोलते, रागावू नकोस. त्या बाईंना तू शेवटी जे म्हणालीस, "आधी तुमच्या मुलाचं बघा", ते मला ऐकताना टोचलं. त्यांचा मुलगा दारूपायी घर सोडून गेलाय हे सगळ्या मंडळीला ठाऊक आहे. तो गेला तो आईचं काही चुकलं म्हणून, असंच तू त्या वाक्यात म्हणालीस ना? तुझ्याकडं आलेलं वाक्य तू जसंच्या तसं त्यांच्याकडं पाठवलंस. सभेच्या सुरुवातीला त्यांनी आणि तू एकाच पुस्तकातून गाणं म्हटलं होतं. याकोब त्याच्या पत्रात ह्याच गोष्टीवर बोट ठेवतो, की ज्या तोंडानं देवाची स्तुती त्याच तोंडानं देवाच्या प्रतिमेच्या माणसाला शाप, हे असं व्हायला नको.

त्यांच्या घरी जा. एकटी जा, नवऱ्याला किंवा मैत्रिणीला घेऊन जाऊ नकोस. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशूनं क्रम घालून दिलाय, आधी दोघांत, मग एकदोघांना घेऊन, मंडळी सगळ्यात शेवटी. आपण नेमका उलटा चालवतो. आधी अख्ख्या मंडळीला कळतं आणि ज्याच्याशी भांडण आहे त्याला शेवटी. जाऊन दोन गोष्टी सांग. "तुमच्या मुलाविषयी मी बोलले ते चुकलं." मग थोडं थांब. त्यांना काही बोलायचं असेल तर बोलू दे. नंतर, "तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत ते मला फार लागलं, ह्यापुढं तसं विचारू नका." ह्या दोन वाक्यांच्या मध्ये "पण" घालू नकोस. "पण" घातलास की माफी निघून जाते. त्या मानतील की नाही ते मला माहीत नाही. पुन्हा तेच बोलल्या तर उठून ये, तिथं बसून राहायची सक्ती तुझ्यावर कुणी केलेली नाही. गोड बोलायचं म्हणजे कुणी घातलेले घाव झेलत राहायचं, असं मी तुला कधीच सांगणार नाही.

अजून एक. त्या सभेनंतर कुणीतरी व्हॉट्सॲप ग्रुपवर तुझं नाव घालून प्रार्थनेचा विषय टाकला ना? हे मला सगळ्यात घातक वाटतं. चहाडी कळते, तिला चहाडी म्हणता येतं. प्रार्थनेच्या विषयाला काय म्हणणार? हात जोडून पसरवलेली बातमी नाकारायलाही ऐकणारीला अवघड जातं. तू स्वतःपुरता एक नेम धर, की ज्याचं दुःख आहे त्याला विचारल्याशिवाय त्याचं नाव प्रार्थनेत मोठ्यानं घ्यायचं नाही. देवाला नाव ठाऊक असतं. आणि टाकणारीला खासगीत लिही, की माझा विषय काढून टाका, मी सांगेन तेव्हा घ्या. तुम्ही दोघं डॉक्टरांकडं जाताय, तपासण्या चालल्यात, हे ज्यांना सांगायचं त्यांनाच सांग.

आपली आजी बायबलबाई होती, नगरच्या आसपासच्या खेड्यांत शास्त्र सांगत पायी हिंडायची, ते तुला नीटसं आठवत नसेल. मी सुट्टीत तिच्याबरोबर जायचे. दुःखाच्या घरी गेली की ती पिशवीतून शास्त्र लगेच काढायची नाही. आधी चुलीकडं बघायची. "काय शिजवलंय आज?" काही शिजवलेलं नसलं तर तिथंच बसून मेथी निवडायला घ्यायची. एका घरी तान्हं बाळ गेलं होतं. आलेल्या बायका एकेक करून सांगत होत्या, देवाची इच्छा, देवाला फुलं आवडतात, तुझं वय आहे अजून. ती पोर भिंतीकडं तोंड करून बसलेली. आजीनं बराच वेळ भाजी निवडली आणि मग विचारलं, "नाव काय ठेवलं होतंस गं?" त्या पोरीनं नाव सांगितलं. सांगता सांगता ओक्साबोक्शी रडली, आणि मग बोलायला लागली, बाळ कसं हसायचं, कुणावर गेलं होतं. मी तेव्हा लहान होते, पण घरी येताना आजीचा हात मी सोडला नव्हता, एवढं आठवतं.

पौल इफिसकरांस लिहितो, की ऐकणाऱ्याची गरज पाहून, त्याची उभारणी होईल असंच तोंडातून निघू द्या. आजी आधी गरज बघायची. आपण आधी वचन शोधतो आणि मग ते कुणाला लावता येईल ते बघतो. नीतिसूत्रांत तर स्पष्ट आहे, खिन्न माणसापुढं गाणी म्हणणं हे थंडीच्या दिवशी त्याचं पांघरूण काढून घेण्यासारखं आहे. "आनंदी राहा, देव चांगला आहे" हे खरंच आहे, पण गारठलेल्याला आधी पांघरूण हवं असतं.

आणि रविवारच्या शाळेत तू शिकवतेस, त्या वर्गातला तो मुलगा. वचन म्हणायला उभा राहतो आणि अडखळतो, बाकीची पोरं हसतात, आणि तू म्हणालीस की तू त्याला मुद्दाम उभा ठेवतेस, कधीतरी येईल म्हणून. नको ठेवूस. पोरं हसतात ते त्याला ऐकू येतं. पुढच्या वेळी सगळ्यांना मिळून म्हणायला लाव, तो त्यांच्यात म्हणेल. त्याच्या वाट्याला एकच ओळ दे आणि ती त्याला आठवडाभर आधी सांगून ठेव. तो भजनाला ढोलकी सुरेख धरतो म्हणतेस, तर ते त्याच्या आईला सांग, ती त्याला न्यायला येते तेव्हा, त्याच्या देखत. शाळेतून त्या बाईला मुलाविषयी तक्रारीच ऐकायची सवय असेल. ती आधी विचारेल, "वचन पाठ केलं का ह्यानं?" तर सांग, अर्धं झालंय, राहिलेलं पुढच्या रविवारी.

तुझी,
ताई